देवळालीची ‘डुलाली’ आणि स्टेशनचे ‘ठेसन’

अध्यक्ष महाराज, आणि गोदाकाठी संध्याकाळचा वारा खायला आलेल्या व आलोच आहोत तर व्याख्यानही ऐकून जाऊ असे म्हणणाऱ्या सभ्य स्त्रीपुरुषहो,

मालेच्या चालकांनी आमचे नाव पत्रिकेत घातले तेव्हा आम्ही किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा कामगार कायदा ह्यांपैकी कशावर तरी बोलू, अशी त्यांची कल्पना असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे बरेच दिवस गेट मीटिंगमध्ये बोलतच असतो. आणि तिथले श्रोते उभे राहून ऐकतात, तुमच्यासारखे बसून नव्हे. म्हणून ह्या वेळी आम्ही विषय मागून घेतला. रोजच्या व्यवहारातले इंग्रजी शब्द आणि त्यांचे नाना तऱ्हेचे उच्चार, हा तो विषय. ज्याची शाळा नववीत सुटली, ज्याने इंग्रजी शिकले ते सातपूरच्या कारखान्यात ड्रॉइंगवरची अक्षरे लावीत आणि रात्री सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाशेजारी कोश उघडून, त्याने इंग्रजी उच्चारांवर बोलावे, ही काहींना चेष्टा वाटेल. चेष्टा हाच आजच्या बोलण्याचा गाभा आहे, तेव्हा ती सुरुवातीलाच झालेली बरी.

नाशिक रोडच्या स्टेशनावर कोणी तासभर उभे राहून पाहावे. शहरातला सुशिक्षित मनुष्य ‘स्टेशन’ म्हणतो. हमाल ‘टेशन’ म्हणतो. सिन्नर-निफाडकडची म्हातारी माणसे ‘ठेसन’ म्हणतात. उत्तरेकडून अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेला मुलगा ‘इस्टेशन’ म्हणतो, आणि देवळालीच्या छावणीत जाणारा पंजाबी जवान ‘सटेशन’ म्हणतो. उच्चार पाच झाले, गाडी एकच. आणि उच्चारापायी कोणाची गाडी चुकल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. तरीही ह्या पाचांपैकी चौघांना आपण हसतो. कोणाला हसायचे हे ठरवतो कोण, हा प्रश्न आम्हांला गेली पंचवीस-तीस वर्षे पडलेला आहे, आणि तो का पडला तेही पुढे सांगणार आहोत.

आधी देवळालीची गोष्ट. देवळाली आपल्या पायाशी आहे. आज तिथे तोफखान्याचे शिक्षण चालते. इंग्रजांच्या अमदानीत तिथे गोऱ्या शिपायांची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले शिपाई विलायतेला जाण्यासाठी बोटीची वाट पाहत तिथे राहत. बोटी थंडीच्या मोसमात सुटत. ज्याची मुदत अवेळी संपे त्याला महिनेच्या महिने नुसते बसून काढावे लागत. काम नाही, ऊन आहे, दारू आहे, ताप आहे. माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. अशा माणसाला सोबती म्हणत, ह्याला ‘डुलाली टॅप’ झाला. डुलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. टॉमीच्या जिभेला ‘देव’ जमला नाही. ‘ळ’ तर त्याच्या बापजाद्यांनाही जमला नसता. त्याने जिभेला झेपेल तसा शब्द मोडला आणि बोटीत घालून घरी नेला. आज इंग्रजीत चक्रम माणसाला ‘डुलाली’ म्हणतात, आणि तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशात बसलेला आहे.

आता पाहा. आमच्या गावाचे नाव टॉमीने बिघडवले, त्याला कोणी अडाणी म्हटले नाही. त्याच्या बिघाडाला कोशात जागा दिली. ‘विलायती’चे त्याने ‘ब्लायटी’ केले आणि पहिल्या महायुद्धात त्या शब्दाने खंदकांतले शिपाई घरची आठवण काढून रडले. ‘खुशी’चे ‘कुशी’ केले. वसईचे बॅसीन, शीवेचे सायन, खडकीचे कर्की. ह्यात इंग्रजांचा राग करण्याचे कारण नाही. परका शब्द आपल्या जिभेवर घोळवून घेणे हा सगळ्या मनुष्यजातीचा धर्म आहे. फरक एवढाच, की राज्य ज्याचे त्याचा बिघाड कोशात जातो आणि नोकरी ज्याची त्याचा बिघाड हसण्यावारी जातो.

आपल्या पूर्वजांना ही लाज नव्हती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या लढाईच्या धामधुमीत कॅप्टन स्टुअर्ट नावाचा शूर इंग्रज अधिकारी पडला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याचे कौतुक केले आणि त्याला नाव दिले ‘इष्टुर फाकडा’. शत्रूचे नाव इतक्या प्रेमाने कोणी मोडले असेल असे वाटत नाही. एल्फिन्स्टनचा ‘अल्पिष्टन’ झाला, कंपनीची ‘कुंपणी’ झाली. आणि ती कुंपणीच ठरली, शेत खाऊन गेली. लॉर्डाचा ‘लाट’ झाला, रिक्रूटचा ‘रंगरूट’. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुटली, आणि पुढे कधी तरी प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’ झाला. हा शब्द आम्हांला फार आवडतो. असा सपाट, लांबरुंद, पाय पसरून बसता येईल असा शब्द आहे. पोर्तुगिजांकडून आलेली चावी, बटाटा आणि पाव हे तर आता आपल्या घरचेच. आणि ज्याच्यासाठी आम्ही आयुष्यभर भांडत आलो तो ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजच. लिस्बनचा मनुष्य तो कसा उच्चारतो, हे विचारून कोणी पगार घेत नाही.

इथे कोणी म्हणेल, परके शब्द घ्यावेतच कशाला? सावरकरांचे भगूर इथून जवळच आहे आणि भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘दिनांक’, ‘महापौर’ असे चांगले शब्द मराठीला दिले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. जिथे आपला शब्द आहे तिथे तो वापरावा. स्क्रूच्या थ्रेडला आमच्याकडे ‘आटे’ म्हणतात. थ्रेड म्हणण्याचे काहीही कारण नाही. परंतु यंत्र परदेशातून पेटीत घालून आले आणि त्याच्या अंगावर नावे छापून आली, म्हणजे ती नावे कामगाराच्या तोंडी बसणारच. पंडितांनी शब्द तयार करीपर्यंत पाळी थांबत नाही.

बरे, हे शब्द कामगार कसेही मोडतो काय? आम्हांलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटे. मग एका पावसाळ्यात कामबंदीच्या दिवसांत वेळ होता म्हणून आम्ही वहीत शब्द लिहू लागलो, आणि हळूहळू ध्यानात आले की ह्यात गोंधळ नाही, नियम आहे. शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने एकत्र आली की बोलीला ती जड जातात. मग कोणी मध्ये स्वर घालून ती फोडतो. ग्लासचा ‘गिलास’ होतो, क्लचचा ‘कलच’ होतो. कोणी आधी ‘इ’ लावून घेतो. स्क्रूचा ‘इस्क्रू’ होतो. कोणी एक व्यंजन गाळतो. हे तीन रस्ते आहेत, आणि कोणत्या मुलखातला मनुष्य सहसा कोणत्या रस्त्याने जाईल, हे त्याचे गाव विचारले की बरेचसे सांगता येते.

आणि ते ‘ठेसन’! ‘टेशन’ एक वेळ समजते, पण ‘ट’चा ‘ठ’ कोठून आला? ह्याचे उत्तर आम्हांला प्राकृत भाषेवरच्या एका पुस्तकात सापडले, आणि त्या रात्री झोप लागली नाही. संस्कृतातल्या ‘स्थान’ शब्दाचे प्राकृतात ‘ठाण’ झाले. त्यावरून आपले ठाणे. स्कंधाचा ‘खांदा’ झाला. हस्ताचा प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि मग आपला हात. म्हणजे स-काराला दुसरे व्यंजन चिकटले की स-कार आपण निघून जातो आणि जाताना आपला श्वास मागच्याच्या अंगात सोडून जातो. पांडवलेण्यांतले सातवाहनांचे लेख ज्या प्राकृतात कोरले आहेत, त्या प्राकृताच्या घराण्याची ही रीत आहे. सिन्नरची आजीबाई ‘ठेसन’ म्हणते ती त्याच चालीने, असे आमचे मत आहे. तिला कोणी प्राकृत शिकवले नाही. तिच्या जिभेला ते वारशाने मिळाले. आणि ठेसनला हसणारा पदवीधर स्वतः मात्र रोज ‘खांदा’ म्हणतो.

स्वरांचेही असेच. इंग्रजीतला ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आपल्याकडे नव्हते. आमच्या आजोबांच्या कागदांत ‘ब्यांक’ असे लिहिलेले आहे. मराठीने अर्धचंद्र काढून त्यांची सोय केली; शासनाने २००९ साली ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ह्यांना वर्णमालेतच जागा दिली. ही घरात आलेल्या सुनेला शिधापत्रिकेत नाव मिळावे तशीच गोष्ट झाली. ती घरात कधीचीच राबत होती. हिंदी भाषक मनुष्य ‘कालेज’ म्हणतो आणि आपण त्याला हसतो, पण आपल्याच पणजोबांनी ‘डाक्टर’ म्हटलेले आहे. ‘व्होल्टेज’मध्ये आपण ‘व्ह’ घालतो, ‘वॉचमन’मध्ये ‘व’ ठेवतो. इंग्रजीत ही दोन निराळी अक्षरे आहेत, आणि तो फरक आपण आपल्या परीने सांभाळतो. एक मात्र सांगितले पाहिजे. ‘बोनस’ ह्या शब्दाचा चुकीचा उच्चार आम्ही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या कोणत्याही कामगाराच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही.

आता ज्यांचे प्रमाण मानून आपण हसतो, त्या इंग्रजांकडे वळू. त्यांच्यात तरी एकवाक्यता आहे काय? कारकुनाला लंडनचा मनुष्य ‘क्लार्क’ म्हणतो, अमेरिकन ‘क्लर्क’ म्हणतो. तरफेला एक ‘लीव्हर’ म्हणतो, दुसरा ‘लेव्हर’. डाक लावण्याच्या धातूला इंग्रज ‘सोल्डर’ म्हणतो, अमेरिकन त्यातला ‘ल’ गिळून ‘सॉडर’ म्हणतो. आमच्याकडे कोणी असा ल गिळला असता तर सुपरवायझरने दिवसभर त्याची नक्कल केली असती. वेळापत्रकाला एक ‘शेड्यूल’ म्हणतो, दुसरा ‘स्केज्युल’. आणि मौज अशी की मूळचा जुना उच्चार ह्या दोन्हींहून निराळा, ‘सेड्यूल’सारखा होता. म्हणजे दोघेही वाट सोडून चाललेले, आणि दोघेही आपल्याला वाट दाखवणार!

इंग्लंडमध्ये १९२६ साली बीबीसीने उच्चार ठरवण्यासाठी विद्वानांची एक समितीच नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ. शॉ मूळचे डब्लिनचे, आयर्लंडचे. ज्यांचे ‘पिग्मॅलियन’ नाटक १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले आणि ज्यावरून पु. ल. देशपांडे ह्यांची ‘ती फुलराणी’ १९७५ साली आपल्याकडे आली, तेच हे शॉ. उच्चारावरून माणसाची पायरी ठरते, हे त्यांनी जगाला हसवून दाखवले, आणि पुढे तेच उच्चार ठरवणाऱ्या समितीत बसले. समितीचे वाद रंगले, निर्णय फिरले, आणि १९३९ मध्ये युद्धाबरोबर तिचे काम थांबले. पुढे १९४१ साली त्याच बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स ह्या यॉर्कशरच्या गृहस्थांना बातम्या वाचायला बसवले. त्यांचा उच्चार त्यांच्या मुलखाचा होता. शत्रूला त्याची नक्कल करणे कठीण जाईल, असा त्यात हिशेब होता म्हणतात. परंतु खुद्द इंग्लंडातल्या श्रोत्यांनीच तक्रारी केल्या, की ह्या उच्चारातली बातमी खरी वाटत नाही! बातमी तीच, शब्द तेच. उच्चार खालच्या पायरीचा म्हणून खरेपणाही कमी. ही गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते.

आमची स्वतःची फजितीही सांगून टाकतो. इंग्रजी शब्द दोन वाटांनी येतात, कानाने आणि डोळ्याने. कानाने शिकणारा मोडून बोलतो, पण मूळ आवाजाच्या जवळ असतो. डोळ्याने शिकणारा अक्षरे सगळी पाळतो आणि फसतो. आम्ही दुसऱ्या जातीचे. एका वाटाघाटीत कंपनीच्या कर्जाचा विषय निघाला आणि आम्ही मोठ्या ऐटीने ‘डेब्ट’ म्हणालो. समोरच्या तीन अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यातला ‘ब’ उच्चारायचा नसतो, हे आम्हांला घरी येऊन कोशात पाहिल्यावर कळले. मग अधिक खणले तेव्हा कळले, की इंग्रजीत तो ‘ब’ मुळात नव्हताच. पुढच्या पंडितांनी लॅटिन शब्दाची आठवण म्हणून तो लिहिण्यात घुसडला. पावतीच्या ‘रिसीट’मधला न उच्चारायचा ‘प’ही तसाच. म्हणजे आम्ही पंडितांची चूक प्रामाणिकपणे वाचीत होतो! पण त्या दिवशी पुढचा अर्धा तास आमचे तोंड उघडले नाही, आणि त्या अर्ध्या तासात एक मुद्दा हातचा गेला, तो गेलाच. उलट चक्राच्या यंत्राला सगळे इंजिनिअर ‘लेथ’ म्हणतात आणि आमचे जुने टर्नर ‘लेद’ म्हणत. इंग्रजी कोशात तो उच्चार ‘द’कडे झुकणारा आहे. म्हणजे तिथे टर्नर बरोबर होते. पण ते तर कोणालाच ठाऊक नव्हते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा विषय आम्ही घेतला.

१९९७ साली सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही कामाला होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. प्रेस म्हटले की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे नोटा येतात; ही प्रेस पत्रा कापण्याची. पायाने पेडल एकदा दाबले की वरचा भार एकदाच खाली यावा आणि पत्रा कापून वर जाऊन थांबावा, अशी तिची रचना. क्लच किंवा ब्रेक झिजला म्हणजे मात्र पेडल न दाबता तो भार दुसऱ्यांदा खाली येतो. ह्याला आमच्याकडे ‘प्रेस रिपीट मारते’ म्हणतात. हात आत असताना रिपीट मारली तर काय होते ते सांगायला नको.

दिंडोरीकडचे एक वयस्क ऑपरेटर त्या प्रेसवर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एके सकाळी ते नव्याने आलेल्या तरुण इंजिनिअरकडे गेले आणि म्हणाले, “साहेब, कलच धरत नाही नीट. रिपिट मारतीय.” साहेबांच्या शेजारी त्यांचे एक सोबती उभे होते. साहेब त्यांच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “अण्णा, कलच नाही हो. क्लच. म्हणा, क्लच.” अण्णांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ‘कलच’च निघाले. सगळे हसले. आम्हीही तिथेच होतो. आम्ही हसलो की नाही हे आता आठवत नाही. हसलो नसू असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. अण्णा मान खाली घालून परत गेले. त्यांनी त्या दिवशी पुन्हा सांगितले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला त्या प्रेसवर एक पोरगा होता. त्याची उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशी झाली. पूर्वसूचना मिळाली होती काय, ह्या प्रश्नावर साहेबांनी उत्तर दिले, की ऑपरेटर काही तरी बोलले होते, परंतु त्यांच्या उच्चारामुळे ते नीट समजले नाही. कागदावरही तसेच आले. आम्ही तेव्हा युनियनचे साधे कमिटी मेंबर होतो. बोलायची परवानगी मागून एकच प्रश्न विचारला. साहेबांना शब्द समजला नव्हता, तर त्यांनी तो दुरुस्त कसा केला? त्याला उत्तर आले नाही. प्रश्नही कागदावर आला नाही.

तो तरुण दुष्ट नव्हता, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्यालाही कॉलेजात कोणी तरी कधी हसलेच असेल, आणि ते हसू त्याने पुढे दिले. पण तेव्हापासून आमच्या ध्यानात बसले, की उच्चार सुधारणारा मनुष्य पुष्कळदा ऐकण्याचे काम टाळत असतो. समजलेल्या गोष्टीला ‘समजली नाही’ म्हणायची ती एक सभ्य रीत आहे.

तर मग काय, यंत्राच्या कामात कसेही बोलावे? इथे आमच्याच लोकांशी आमचे जमत नाही. आम्ही तरुणांना सांगतो, उच्चार घासून घ्या. मुलाखतीला बसाल तेव्हा समोरचा काय ऐकायला बसला आहे हे ओळखा. लाज न बाळगता कोश पाहा. आणि नेमकेपणाचे म्हणाल, तर विमानाइतके नेमके काम कोणते? आपल्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. मिग विमाने तिथे तयार झाली. विमानाच्या वायरलेसवर एका आकड्याची चूक शेकडो जीव घेऊ शकते. त्या जगाने उच्चाराचा प्रश्न कसा सोडवला, ते ऐकण्यासारखे आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकड्यांचे उच्चार नियमाने ठरवून दिले आहेत. तीनला ‘थ्री’ म्हणायचे नाही, ‘ट्री’ म्हणायचे. पाचला ‘फाइव्ह’ नव्हे, ‘फाइफ’. नऊला ‘नाइनर’, हजाराला ‘टाउसंड’. इंग्रजांच्या तोंडचा तो ‘थ’ जगातल्या पुष्कळ जिभांना जमत नाही आणि खरखरत्या वायरलेसवर तर तो ऐकूही येत नाही, म्हणून तो काढूनच टाकला. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी शब्दमाला आहे. निरनिराळ्या भाषांच्या माणसांना ते शब्द म्हणता आणि ओळखता येतात की नाही ह्याच्या चाचण्या घेऊन ती १९५६ पासून लागू केली. ‘अल्फा’च्या इंग्रजी लिहिण्यातसुद्धा फेर केला, कोणी ‘प’ म्हणू नये म्हणून. म्हणजे आमचा हेल्पर ‘ट्री’ म्हणाला तर ऑफिसात हसे होते, आणि लंडनचा वैमानिक ‘ट्री’ म्हणाला तर तो नियम! वैमानिकांच्या इंग्रजीची परीक्षा असते. तिच्या सहा पायऱ्यांपैकी चौथी पायरी आंतरराष्ट्रीय उड्डाणाला पुरते. तिथे मातृभाषेचा वास उच्चाराला असला तरी चालतो, समजण्यात तो फक्त कधी कधीच आड यावा, एवढीच अट. सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरही मातृभाषेची छाया चालते.

उलट, चुकीचे अनर्थ कोठे झाले ते पाहा. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे, की एका विमानातून ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य बोलले गेले. त्याचा अर्थ खाली बसलेल्या माणसाने ‘उड्डाणाच्या जागी थांबलो आहोत’ असा घेतला, आणि विमान तर सुटलेले होते. शब्दाचा उच्चार नीट पोहोचला, अर्थ पोहोचला नाही. म्हणून त्यांच्याकडे आणखी एक रीत कसोशीने पाळतात. महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवायची, सांगणाऱ्याने ऐकायची, चुकले असेल तर तिथल्या तिथे सुधारायचे. ऐकल्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर.

आम्हांला हे हवे होते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे बंधन घातलेच होते, की कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, अशा दोन्ही तऱ्हांनी फलकावर लावले पाहिजेत. म्हणजे वरून खाली येणाऱ्या शब्दाची व्यवस्था कायद्याने पाहिली होती. खालून वर जाणाऱ्या शब्दाची व्यवस्था कोणी पाहिली नव्हती. २००४ च्या करारात आम्ही एक कलम मागितले: यंत्राच्या धोक्याबद्दल कामगार जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचे, ते त्याला वाचून दाखवायचे, आणि मग दोघांनी सही करायची. पगारवाढीच्या कलमापेक्षा ह्या कलमाला जास्त वेळ लागला. “त्याच्याच शब्दांत कशाला?” असा आक्षेप होता. आम्ही सांगितले, शुद्ध करून लिहाल तर त्याला वाचून दाखवल्यावर ते त्याचे वाटणार नाही. चौथ्या बैठकीत ते मान्य झाले.

ह्यानंतर आम्ही शहाणे झालो असे मात्र समजू नका. २०१२ मध्ये अंबडच्या एका गेट मीटिंगमध्ये बिहारचा एक वेल्डर उठून बोलला. तो वेल्डिंगला ‘बेल्डिंग’ म्हणे. त्याचा मुद्दा कंत्राटदाराने कापलेल्या ओव्हरटाइमचा होता आणि तो अगदी खरा होता. सभा जरा मरगळली होती. तिला हसवावे म्हणून आम्ही त्याला उत्तर देताना ‘बेल्डिंग’ हा शब्द त्याच्याच ढंगात उच्चारला. हशा पिकला. पुढच्या मीटिंगला तो आला नाही, त्याच्या बरोबरचे अकरा जणही आले नाहीत. आम्ही चुंचाळ्याला त्याच्या खोलीवर गेलो. त्याने चहा दिला, घरच्यांची विचारपूस केली, आणि निघताना एवढेच म्हणाला, “नेताजी, आप भी हँसे थे.” ते अकरा जण परत यायला दीड वर्ष लागले. तो स्वतः आला नाही. पुढे गावी गेला असे कळले.

ती करारातली वही अजून चालू आहे. आतापर्यंत पाच वह्या भरल्या, सहावी चालू आहे. गेल्या महिन्यात आम्ही सगळ्या चाळून पाहिल्या. क्लच, कलच, किलच, कल्च, क्लज, कलिच आणि एका ठिकाणी नुसते ‘ते धरायचं’, असा तो शब्द सात तऱ्हांनी लिहिलेला आहे. प्रत्येक नोंदीपुढे दुरुस्ती केल्याची तारीख आणि दोन सह्या आहेत.